टोचन : आखूड जीप, डिझेल इंजिन आणि भिवंडीचा रस्ता

'गाडी टोचन करून आणली' हे वाक्य आग्रा रोडवरच्या कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळते. मराठी कानाला हा शब्द 'टोचणे'पासून आलेला वाटतो. सुई, काटा, इंजेक्शन असे काहीतरी डोळ्यांपुढे येते आणि बंद पडलेल्या ट्रकशी त्याचा संबंध लागत नाही. माझ्या मते शब्द सरळ आहे. गाडी ओढण्याच्या साखळीला इंग्रजीत 'टो चेन' म्हणतात. मिस्त्रीने तो ऐकला, जिभेला सोयीचा करून घेतला आणि साखळीचे नाव क्रियेला दिले. आज ओढायला साखळी असो, काथ्याचा दोर असो, वायररोप असो की लोखंडी दांडा, काम टोचनाचेच. मोल्सवर्थसाहेबाच्या वेळी मोटार नव्हती, त्यामुळे त्याच्या कोशात हा अर्थ असणे शक्यच नाही. शब्द घडला तो कोशांच्या बाहेर, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांत.

या लेखाचा विषय त्या साखळीच्या पुढच्या टोकाला असलेली गाडी हा आहे. ८० इंची आखूड जीप, जन्माने पेट्रोलची आणि पुढे डिझेल केलेली. आपल्याकडे मोटारींचा इतिहास लिहिला जातो तो कंपन्यांचा. कोणते मॉडेल कधी आले, करार कोणाशी झाला, उद्घाटनाला कोण होते, हे सगळे त्यात सापडते. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे तिचे काय झाले, हे त्यात सापडत नाही. जीपच्या बाबतीत तर खरा इतिहास तिथूनच सुरू होतो.

आधी कंपनीचा भाग थोडक्यात सांगून टाकतो. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. १९४७ साली विलीज कंपनीच्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात आल्या, १९४९ पासून माझगावात जीपची जुळणी होऊ लागली आणि १९५४ पासून एकेक भाग इथेच बनू लागला. याशिवाय दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपा डिस्पोजलमधून बाजारात आलेल्या होत्याच. १९६२ साली राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या स्थापन झाल्यावर जीप तालुक्या-तालुक्यात पोचली. गटविकास अधिकारी आणि जीप ही जोडी त्या काळच्या ग्रामीण कथांतूनही सुटलेली नाही. सरकारी गाडी जुनी झाली की तिचे निर्लेखन होते, मग लिलाव. लिलावातून ती गॅरेजवाल्याकडे येते.

ही गाडी मुळात ओढण्यासाठीही घडवलेली होती, हे बरेच जण विसरतात. अमेरिकी सैन्यात तिच्यामागे पाव टनी ट्रेलर किंवा ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ जोडत. ती तोफ साधारण ४१० किलोंची. लष्करी जीपवरच्या पत्र्यावर जास्तीत जास्त ओढायचे वजन हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलो दिलेले असे. आपल्याकडे त्याच जीपने दहा-बारा टनी ट्रक ओढले. हे कसे जमले आणि कुठे जमले नाही, ते पुढे पाहू. त्याआधी भिवंडी.

भिवंडी हे ओझ्यांचे गाव आहे. ठाण्याहून कशेळी, अंजूरफाटा करत जुना आग्रा रोड गावातून जातो आणि वडप्यापाशी महामार्गाला मिळतो. पुढे पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, नाशिक. गावातल्या मोठ्या नाक्याचे नाव वंजारपट्टी. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्यांची आठवण त्या नावात असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. ट्रक आले तेव्हा या गावाला ओझ्यांची सवय होतीच.

दुसरी सवय यंत्रमागांनी लावली. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत येत, त्यांना छोटी विजेची मोटर लावली जाई आणि ते पुढे कित्येक वर्षे चालत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर भिवंडीचे काम आणखी वाढले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जुन्या मागाला धडधडत ठेवायचे तर त्याचे दाते, शाफ्ट, बुश, ब्रॅकेट सतत लागतात आणि ते नवे कुठून आणणार? म्हणून मागांबरोबर लेथ आल्या, वेल्डिंग आले, ओतकाम आले, आणि नमुना हातात दिला की तसाच तुकडा करून देणारे कारागीर तयार झाले. दुसऱ्याने टाकलेले यंत्र घ्यायचे, त्याला वेगळी शक्ती जोडायची आणि कामाला लावायचे, ही विद्या या गावाला मागांनी शिकवली. गिरणीने टाकलेला माग आणि सरकारने टाकलेली जीप यांत कारागिराच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता.

जीप डिझेल करण्याचे कारण मात्र इंधनाच्या भावात होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि तीन-चार महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडे पेट्रोल एकदम महागले. १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. डिझेल मात्र शेती आणि मालवाहतुकीसाठी सरकारने पुढे अनेक वर्षे स्वस्त ठेवले. पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांतली ही दरी २०१४ साली डिझेलवरचे नियंत्रण उठेपर्यंत कमी-अधिक प्रमाणात टिकली. जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन खादाड म्हणून प्रसिद्ध होते. कंपनीने १९७५ साली डिझेलकडे मोर्चा वळवला. तिच्या घरात ट्रॅक्टरचे इंजिन होतेच, कारण इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरचा ट्रॅक्टरचा कारखाना १९६३ पासून चालू होता. पुढे १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला गेला आणि ती इंजिने इगतपुरीला बनू लागली. म्हणजे जो घाट चढताना गाड्या धापा टाकत, त्याच्याच माथ्यावर.

पण रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या पेट्रोल जीपांचे काय? त्यांची जबाबदारी कंपनीने घेतली नाही, ती गॅरेजांनी घेतली. कुठे ट्रॅक्टरचे इंजिन, कुठे मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स, पुढे मॅटाडोरचे, जे मोडीत स्वस्त मिळेल ते. मात्र नुसते इंजिन मिळून भागत नाही. इंजिनाचा मागचा तोंडवळा आणि जीपच्या गिअरबॉक्सचा पुढचा तोंडवळा जुळत नाही. मधे एक जाड पोलादी पाटी लागते. तिची भोके दोन्हीकडे जुळली पाहिजेत आणि मधला मोठा गाळा इंजिनाच्या शाफ्टशी बरोबर एकाच रेषेत आला पाहिजे. केसभर चुकले तर गिअरबॉक्सचे बेअरिंग काही महिन्यांत ओरडू लागते. सगळे कौशल्य या पाटीत आहे, आणि ती मागाचे भाग करणाऱ्या लेथवरच होते. बाकीचे काम चिकाटीचे. इंजिनाचे फाउंडेशन नव्याने वेल्ड करायचे. जुन्या जीपांची वीज सहा व्होल्टची, ती बारा करायची. रेडिएटर पुढे सरकवायचा. आणि डिझेल किल्ली फिरवून बंद होत नाही, म्हणून पंप बंद करणारी एक वायर डॅशबोर्डवर ओढून आणायची. अशा जीपमध्ये पहिल्यांदा बसलेला माणूस किल्ली काढून हातात घेतो आणि इंजिन चालूच राहते.

एक गोष्ट या कामाला मदत करणारी होती. महिंद्रने ज्या मॉडेलवर अनेक दशके काढली त्या सीजे-३बी जीपचे बॉनेट तिच्या आधीच्या भावंडांपेक्षा उंच आहे. पेट्रोल इंजिनाचे झडपांचे काम बदलून ते उंच झाले, म्हणून विलीजला बॉनेट उचलावे लागले. रसिक लोक या उंच बॉनेटला कुरूप म्हणतात. डिझेल इंजिन उंच असते. मिस्त्रीला ते बॉनेट कधी कुरूप वाटले नसणार.

लांबीत मात्र अशी सवलत नव्हती. इंग्लंडमध्ये पहिली लँड रोव्हर १९४८ साली निघाली ती जीपच्याच ८० इंची मापावर. पुढे तिच्यात डिझेल इंजिन बसवायची वेळ आली तेव्हा कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर दोन इंचांनी वाढवले, ८६ चे ८८ केले. महिंद्रची पुढची डिझेल जीप, एमएम-५४०, ९१ इंचांची झाली. मोठ्या कंपन्यांना जे अंतर वाढवावेसे वाटले, ते गॅरेजवाल्याला वाढवता येत नव्हते. त्याने पंखा कापला, रेडिएटर ढकलला, पण चाके होती तिथेच राहिली.

आता मूळ प्रश्न. डिझेल केल्याने जीप जास्त ओढू लागली का? कोणालाही विचारा, उत्तर 'हो' येते. डिझेलमध्ये दम असतो, हा आपल्याकडचा ठाम समज आहे. आकडे वेगळे सांगतात. जीपच्या पेट्रोल इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे १५ किलोग्रॅम-मीटर. प्यूजोच्या डिझेलचा सुमारे १२. कागदावर डिझेल कमीच आहे. तरीही समज पूर्ण खोटा नाही, कारण डिझेल कमी फेऱ्यांवर बंद न पडता रेटत राहते आणि चालकाला क्लच जाळावा लागत नाही. पण 'जास्त शक्ती' हे त्याचे नाव नव्हे.

वाचकांनी थोडा हिशोब सहन करावा. जीपचा पहिला गिअर २.८ पट, लो गिअर जवळजवळ अडीच पट आणि मागच्या हाउसिंगमधला दातांचा हिशोब ५.३८ पट. इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोचेपर्यंत सदतीस पट होतो. १५ ला ३७ ने गुणले आणि चाकाच्या त्रिज्येने भागले की जमिनीवर सुमारे दीड टनाची ओढ येते. घर्षणात थोडी गेली तरी सव्वा टन उरते. आणि जीपचे स्वतःचे वजन किती? चालकासकट तेवढेच, सव्वा टनाच्या आसपास. कोरड्या डांबरावर चाके आपल्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के ओढ धरू शकतात, म्हणजे साडेआठशे-नऊशे किलो. त्यापुढे इंजिन कितीही जोर लावो, चाके जागीच गरगरतात. जन्मापासूनच या गाडीत तिच्या वजनाला पेलणार नाही एवढी ओढ होती. तिला मर्यादा इंजिनाची नव्हती, वजनाची होती. जुन्या टोचनवाल्या जीपांत मागे दगड, रेतीची पोती किंवा मोडके इंजिन टाकलेले असे, त्याचे कारण हे.

मग बारा टनी ट्रक कसा ओढला? सपाट रस्त्यावर चाकांवर उभे असलेले ओझे सरकवायला त्याच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास ओढ पुरते. बारा टनांना १८० किलो. हे काम जीप मुकाट्याने करते. पण वीस फुटांना एक फूट असा चढ आला की त्यात सहाशे किलोंची भर पडते. एकूण ७८० झाले. कोरड्या रस्त्यावर ही अगदी काठावरची गोष्ट आहे. पावसाळ्यात चाकांची पकड निम्म्यावर येते आणि काम संपते. म्हणून भरलेला ट्रक अंजूरफाट्याहून वंजारपट्टीपर्यंत जीपने आणणे आणि तोच कसारा घाटात चढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. घाटात ओझे उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरणे, हाच जुना मार्ग. शेजारच्या रेल्वेलाही हे चुकलेले नाही. ३७ फुटांना एक फूट चढावर तिथे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात.

मग डिझेल केल्याने मिळाले काय? पैसे. टोचनाची जीप दिवसातला बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभी असते किंवा लो गिअरमध्ये ताशी सात किलोमीटरने रांगते. पेट्रोलवर हा धंदा परवडत नव्हता, डिझेलवर परवडला. एवढ्यानेच भिवंडीसारख्या गावात आखूड जीप टिकली. गावातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत क्रेन वळत नाही, जीप वळते. तिला वेगाची गरजही नव्हती. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला बावीसशे फेऱ्यांवर अडले तर जीप ताशी पंचावन्नच्या वर जात नाही. हायवेवरच्या माणसाला ही शिक्षा वाटेल, टोचनवाल्याच्या कामात ते कुठे आडवे येत नाही.

धोका वेगळीकडे होता आणि त्याबद्दल बोलले जात नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आखूड गाडीच्या मागे ओझे लटकवले की पुढची चाके हलकी होतात. हूक मागच्या आसापासून दोन फूट मागे आहे असे धरा. त्यावर शंभर किलोंचा भार आला तर ८० इंची जीपच्या पुढच्या चाकांवरून तीस किलो उचलले जातात. ११० इंची गाडीत तेच बावीस किलो. मोडक्या गाडीचे पुढचे तोंड चेन-पुलीने उचलून जीपच्या मागे टांगले की हा भार शंभरावर थांबत नाही. स्टिअरिंग हलके लागते आणि नवख्याला ते सुखाचे वाटते. खरे तर तेव्हा पुढची चाके रस्ता सोडायच्या बेतात असतात. इथे जड डिझेल इंजिनाने नकळत उपकार केले. पुढचे पाटे बसले, पण चाके जमिनीला टेकून राहिली. साखळी उंचावर बांधली तर मात्र हा उपकारही पुरत नाही. जीप पुढून उठते आणि चालकावर उलटू शकते. साखळी आसाच्या उंचीवर किंवा त्याखालीच बांधायची, हा जुन्या मिस्त्रींचा नियम आहे. तो कोणत्या पुस्तकातून आलेला नाही.

दुसरा धोका उताराचा. ओढणे हे अर्धेच काम आहे, थांबवणे उरते. बंद ट्रकमध्ये इंजिन चालत नाही, त्यामुळे ब्रेकची हवा भरत नाही. टाकीतली हवा दोन-चार वेळा ब्रेक मारण्यात संपते. मग मागचे दहा टन आणि पुढची सव्वा टनाची, साध्या ड्रम ब्रेकची जीप यांच्यामध्ये राहते ती साखळी, आणि साखळी ढकलणाऱ्याला अडवू शकत नाही. उतारावर साखळी सैल पडली की ट्रक जीपला येऊन भिडतो. म्हणून चांगला टोचनवाला उताराच्या आधी थांबतो, साखळी काढून दांडा लावतो आणि लो गिअर घालूनच उतरतो. दांडा आहे की नाही, हे पाहून मी टोचनवाल्याची पारख करतो. कायदाही इथे शहाणा होता. १९८९ च्या रस्ता नियमांत ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा किंवा तिची पुढची चाके उचललेली हवीत, दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको आणि मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेले हवे, असे होते. २४ किलोमीटरच्या अटीवर अनेक जण हसत. वरचा हिशोब केल्यावर हसू येत नाही.

ही जीप रस्त्यावरून कशी गेली, ते सांगायला फार लागत नाही. ट्रक मोठे झाले. नव्या ट्रकांत हवा संपली की स्प्रिंगच चाके जाम करते, त्यामुळे नुसत्या साखळीने ते हलतच नाहीत. वडपे ते गोंदे रस्ता चौपदरी झाला, टोलवाल्यांच्या क्रेन आल्या, १०३३ हा नंबर आला. मुंबईच्या जकातीबाहेर राहण्यासाठी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे या गावांत जी गोदामे उभी राहिली होती, ती १ जुलै २०१७ ला जकात गेल्यावरही हलली नाहीत. उलट वाढली. पण तिथे येणारे कंटेनर आखूड जीपच्या आवाक्यातले नाहीत.

राहिला प्रश्न नोंदींचा. १९३९ च्या मोटार कायद्यात बदल केलेल्या गाडीची माहिती नोंदणी कार्यालयाला देऊन मंजुरी घेण्याची सोय होती. १९८८ च्या कायद्यातले कलम ५२ सन २००० च्या दुरुस्तीने कडक झाले. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही, असा त्याचा गाभा. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही. वर लिहिलेले धोके लक्षात घेता मीही त्या बाजूचा आहे. पण या कायद्याआधी हजारो जीपा रीतसर मंजुरी घेऊन डिझेल झाल्या. त्यांच्या आरसी पुस्तकात इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' लिहिलेले असते, जुना इंजिन नंबर कंसात, नवा नंबर शेजारी, तारीख आणि निरीक्षकाची सही. इंजिन ट्रॅक्टरचे की मॅटाडोरचे, हे त्या नंबरावरून ओळखता येते. कोणत्या साली, कोणत्या जिल्ह्यात, किती गाड्या आणि कोणत्या इंजिनांवर गेल्या, याचा दुसरा कागद अस्तित्वात नाही. मिस्त्रींनी हिशोबाच्या वह्या ठेवल्या नाहीत, आणि लेथवाल्याने पाटीवर नाव कोरले नाही.

१ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले. पुष्कळ मालक जीप भंगारात देतात आणि तिच्याबरोबर आरसी पुस्तकही जमा होते. संगणकावर चढवलेल्या नोंदीत फक्त शेवटची स्थिती राहते, इंधन डिझेल. खोडलेली ओळ आणि कंसातला जुना नंबर त्यात येत नाही. ज्यांच्या घरात अशी जुनी पुस्तके अजून आहेत त्यांनी गाडी देण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. आणि गाडी तोडताना इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधली ती पोलादी पाटी मिळाली, तर तीही काढून घ्यावी. वजनावर तिचे फार पैसे येत नाहीत.